गेणूभावजींचं लॉन

माजं दीर गेणूभावजी वडिवळ्याचं, जलम भातात गेलेला. घाटात विजेचं इंजन नवं नवं धावाया लागलं, त्या साली मीच त्यांना लोणावळ्याला आणलं. शिरीनबाईंच्या बंगल्यात मी सैपाक करायची. तितं माळ्याची जागा रिकामी व्हती, आन् वर ऱ्हायला खोली बी. गावाकडं भावजींच्या वाटणीला काय बी उरलं नव्हतं.

बंगल्यापुढं लॉन व्हतं. मुंबईला जाताना बाईंनी बजावलं, "गेणू, माती सुकली की मगच पाणी. सकाळी द्यायचं, मुरेल इतकं. गवत कापायचं मशीन वरच्या, उंच कापायच्या खुणेवर ठेव, ओलं गवत कापू नकोस. मे महिन्यात येईन तेव्हा लॉन हिरवं नसलं, तर दुसरा माळी बघेन."

भावजींनी मान डोलावली. बाईंची मोटार वळली आन् या बाबानं लॉनचं भातखाचर केलं की वो! रोज सांजच्याला पाय बुडंल असं घोटाभर पानी. "न्हाईतर रातभर तहानलेलं ऱ्हाईल की," म्हणायचे. मशीन दिलं टाकून, आन् विळ्यानं पार बुडख्याशी कापलं. भात कापताना कुनी वर ठेवतं का, म्हणे.

"अवो, बाईंनी काय सांगितलं?" मी म्हटलं.

"वैनी, बाईनं कदी खाचरात पाय घातलाय का?"

झालं! हट्टाला पेटलेल्या माणसाशी मी बोलत न्हाई, भांडी आदळते.

चैत्रात गवतावर भाकरीएवढे पिवळे चट्टे पडले. सकाळी त्यावर कोळ्याच्या जाळ्यागत पांढरी बुरशी दिसायची. भावजी म्हणाले, उन्हाची झळ लागली. आनखी पानी सोडलं. चट्टे परातीएवढे झाले. भावजी ताटावरनं उठून चट्टे बघाया जायचे. मला राग यायचा आन् कीव बी यायची.

अशात ते हिवतापानं आडवे झाले आन् लॉन माज्या गळ्यात पडलं. मला कुटला वेळ! पायाखाली दबलेलं गवत उठंना झालं, म्हंजे सुकलं, की सकाळी चूल पेटवायच्या आदी नळी सोडायची, बास. वाढलेलं गवत ऊन चढल्यावर मशीननं छाटलं. खालच्या खुणेवर ते लय जड जायचं, म्हणून वरच्या. बाईंचा हुकूम पाळला असं न्हाई, मी आपली अंगचोरी केली.

चट्टे पसरायचे थांबले. मग कडंनं भरत आले. भावजी काठी टेकत बाहेर आले तवा सगळं हिरवंगार. खूश व्हायचं सोडून माणसाचं तोंड उतरलं.

बाई आल्या. "शाब्बास, गेणू!"

"लय खपले भावजी," मी घाईनं म्हटलं.

"न्हाई, बाई," भावजी म्हणाले. "मी तापात पडलो म्हनून जगलं ते. माज्या हातानं मरत व्हतं."

गेली खोली, मी मनात म्हटलं. बाई म्हणाल्या, "आता कळलं ना? मग राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी पायरीवर बसले व्हते, पानी सोडाया शिवशिवणारे दोन्ही हात काखेत दाबून. हौद भरलेला, नळी शेजारी. लॉनची माती अजून ओली व्हती, पानी द्यायचं न्हवतं. माणूस मुकाट्यानं रडत व्हता. मला बघवंना.

"भावजी," मी म्हटलं, "मागं आळूचा वाफा हाय. त्याला घोटाभर पानी चालतं."

ते नळी घेऊन पळतच गेले.