वानखेडेचं तिसरं तिकीट

ते निळं आंतरदेशीय पत्र चिंतामणरावांनी पन्नास वर्षं जपलं, पण त्याला उत्तर काही दिलं नाही.

पत्र सायखेड्याहून आलं होतं, धोंडीरामचं. मजकूर त्यांना तोंडपाठ होता. ‘चिंतामण, तिकीट पडलं त्याचं वाईट वाटून घेऊ नको. माणसाच्या हातून पडतं. मी बाहेर कुंपणापाशी बसून आवाजावरून खेळ धरत होतो. लोकांचा आवाज चार वेळा एकदम बसला, म्हणून मी आपल्या चार विकेट धरल्या. वेळा मागं लिहिल्यात. तुझ्या वहीशी ताडून बघ आणि कळव. तो लांबडा बॉलर किती पावलं धावतो तेही लिही. वाट बघतो.’

उत्तर लिहायला अर्धा तास पुरला असता. चिंतामणराव कॉलेजच्या टीमचे स्कोअरर होते आणि त्या दिवसाचा प्रत्येक बॉल त्यांच्या वहीत होता. पण पेन उचललं की वानखेडेचं गेट डोळ्यांसमोर यायचं आणि पेन खाली ठेवलं जायचं.

मुळात ती तिन्ही तिकिटं धोंडीरामची. आंतरमहाविद्यालयीन फायनलला त्यानं सात विकेट काढल्या, म्हणून जिमखान्याच्या सरांनी कुठून तरी मिळवून त्याला बक्षीस दिली होती. बरोबर कोणाला न्यायचं ते त्यानंच ठरवलं. कॅप्टन म्हणून पंचवटीतला विश्वेश आणि स्कोअरर म्हणून चिंतामण. ‘माझ्याकडं नको, माझ्या शर्टाला खिसा नाय,’ असं म्हणून त्यानंच ती चिंतामणच्या वहीत ठेवायला दिली. वही म्हणजे तिजोरी, असा त्याचा विश्वास.

पहाटेच्या गाडीनं तिघं व्हीटीला उतरले, चालत स्टेडियमवर पोचले. गेटापाशी विश्वेशनं वही मागून घेतली, उघडली आणि म्हणाला, “चिंत्या, दोनच आहेत. तिसरं पाडलंस तू.”

चिंतामणनं वही झटकली. पँटचे खिसे उलटे केले. एकविसाव्या वर्षी, शंभर माणसांसमोर, बाहेर लोंबणाऱ्या खिशांनिशी तो उभा राहिला. मागचे लोक ओरडायला लागले तेव्हा धोंडीराम म्हणाला, “जा रे तुम्ही. वही आत जायला पाहिजे. मला काय, उन्हात बसायची सवय हे.”

आणि ते गेले. चिंतामणराव पहिल्यांदा स्टेडियममध्ये गेले ते असे. अंधाऱ्या जिन्यात ओल्या सिमेंटचा वास होता. जिना संपला आणि एकदम समोर हिरवं मैदान उघडलं, इतकं मोठं, की शाळेतल्या नकाशावरचा देश खरोखर पाहावा तसं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. ते कशानं, हे त्यांना तेव्हा ठरवता आलं नाही. मग दिवसभर त्यांनी मान खाली घालून वही लिहिली. सहा ठिपक्यांची निर्धाव ओव्हर आली की ते ठिपके जोडून ‘एम’ काढायचा, नवी ओव्हर सुरू करायची. विश्वेशच्या पलीकडे यादव नावाचा एक टापटीप तरुण बसला होता. “ओळखीचा आहे, आत भेटला,” विश्वेश म्हणाला. यादवनं चिंतामणला संत्र्याच्या फोडी दिल्या. चिंतामणनं त्या खाल्ल्या.

पुढच्या जूनला धोंडीराम कॉलेजात आलाच नाही. शेती बघायला लागला. चिंतामणराव ग्रंथपाल झाले. चौतीस वर्षं त्यांनी ग्रंथालयाचं कुलूप रोज दोनदा ओढून पाहिलं. प्रवासाची तिकिटं बायको होती तोवर तिच्या पर्समध्ये, नंतर मुलीच्या. “माझ्या हातून पडतं,” ते सांगायचे. लोकांना ते नम्र वाटायचे.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या सभागृहात विश्वेशचा सत्कार होता. विश्वेशनं काढलेल्या गोदातीर क्रीडा मंडळाला पन्नास वर्षं झाली होती. मंडळाच्या काचेच्या कपाटात ठेवायला त्याला ती स्कोअरची वही हवी होती. चिंतामणरावांनी स्टेजवर येऊन ती द्यायची, असं ठरलं होतं. ते तिसऱ्या रांगेत, मुलीच्या, चैतालीच्या शेजारी कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. वहीत निळं पत्रही होतं. ते आधी काढून घ्यायचं राहिलं होतं.

विश्वेश शालीचं टोक सावरत माइकसमोर उभा राहिला.

“मंडळी, आज एक गुन्हा कबूल करतो. लतिकाच्या घरी तेव्हा आमच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. तिचा भाऊ यादव मुंबईत. तो म्हणाला, मॅच दाखव, मग घरी तुझ्या बाजूनं बोलतो. आता मी तिकीट आणू कुठून? व्हीटीच्या नळावर आमचा चिंत्या पाणी प्यायला वाकला आणि वही दिली माझ्या हातात. काढलं त्यातलं एक! गेटापाशी यादव उभाच होता, त्याला चालता चालता दिलं. आणि मग चिंत्याला म्हटलं, पाडलंस तू. तर हा खिसे उलटे करून दाखवायला लागला!”

सभागृह हसलं. पहिल्या रांगेतल्या लतिकावहिनींनी कपाळाला हात लावला.

“आमचा धोंडीराम राहिला बाहेर. त्यालाही आज बोलावलं होतं, म्हणाला गुडघे दुखतात. असो. तर तीच वही घेऊन आमचे चिंतामणराव आता इथं येतील.”

टाळ्या सुरू झाल्या. चिंतामणरावांना आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नसेल. हल्ली ऐकू कमीच येतं. मग त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरली. हा राग आहे हे कळायलाही त्यांना वेळ लागला, इतकी त्याची ओळख नव्हती.

“बाबा, तुमचं नाव घेतायत.”

“ऐकलं.”

“मग उठा ना.”

“वही द्यायची नाही.”

पुन्हा नाव पुकारलं गेलं. ते बसूनच राहिले. “लाजाळू आहे हो आमचा चिंत्या, अजून तसाच,” विश्वेश माइकवर म्हणाला आणि लोक परत हसले. तेव्हा मात्र ते उठले आणि पिशवी छातीशी धरून बाहेर चालू लागले.

जेवणाच्या मांडवात विश्वेशनं त्यांना गाठलं. हातात जिलबीची वाटी होती.

“काय रे, स्टेजची भीती अजून गेली नाही?”

“मीच का?” चिंतामणरावांनी विचारलं.

“काय मीच का?”

“तू हरवलंस म्हणून सांगता आलं असतं. धोंडीरामनं हरवलं म्हणता आलं असतं. माझं नाव का घेतलंस?”

विश्वेशनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात खरी माया होती, तेच जास्त लागलं. “अरे, धोंड्यानं माझी गचांडी धरली असती. तू मानणार हे मला ठाऊक होतं. तुला काहीही सांगितलं तरी वाटतं, आपलंच चुकलं असेल. आणि आता पन्नास वर्षांनी काय घेऊन बसलास? जिलबी खा.”

“धोंडीरामला सांगितलंस?”

“कशाला? विसरलाही असेल तो.”

“त्याची तिकिटं होती, विश्वेश. त्यानं मिळवलेली. आणि तो कुंपणाशी बसला.”

“हळू बोल, लोक बघतायत.”

“बघू देत.” त्यांचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. “त्या दिवशीही बघत होते. माझ्या खिशांकडे. खांद्यावरचा हात काढ.”

विश्वेशनं हात काढला. चैताली हातातली ताटं तशीच टेबलावर ठेवून गाडीकडे निघाली. तिनं वडिलांना या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंतामणराव टेबलाशी बसले. पहिला मसुदा दोन पानांचा झाला. वाचून पाहिला तर त्यात सात वेळा ‘कदाचित’ आणि तीन वेळा ‘माझा गैरसमज असल्यास क्षमस्व’. त्यांनी पानं टराटरा फाडली. संताप विश्वेशचा होताच, पण त्याहून मोठा स्वतःचा होता. न पाहिलेला बॉल त्यांनी वहीत कधी लिहिला नव्हता. न पाडलेलं तिकीट मात्र कुणी तरी म्हणालं म्हणून जन्मभर स्वतःच्या नावावर लिहून ठेवलं. आणि त्या शरमेपायी एका माणसाला साध्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. सायखेडा काय लंकेत होतं?

“पाऊण तासाचा रस्ता आहे बाबा,” दारात येऊन चैताली म्हणाली. “मी सुट्टी टाकते. गाडीनं जाऊ.”

“नंतर जाऊ. समोर गेलो तर तो म्हणेल, जाऊ दे, आणि मीही म्हणेन, जाऊ दे. आधी त्याला वाचू दे.”

त्यांनी निळं पत्र उलटं केलं. मागे धोंडीरामच्या बोटभर अक्षरात चार वेळा लिहिलेल्या होत्या. अकरा वीस, साडेबारा, अडीचच्या पुढं, चार. सामन्याला दोन स्कोअरर असतात आणि एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय वही पुरी होत नाही, हे त्यांनीच कधी काळी धोंडीरामला शिकवलं होतं. त्यांनी वही उघडली आणि ताडायला बसले. पहिली जुळली. दुसरी जुळली. तिसऱ्या वेळेशी त्यांचं बोट थांबलं. त्या चौकोनात विकेटची खूण नव्हती, नुसता ठिपका होता आणि समासात बारीक पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं. भिंग आणावं लागलं.

मग त्यांनी पत्र लिहिलं, एका पानाचं.

‘धोंडीराम, तिकीट माझ्या हातून पडलं नव्हतं. विश्वेशनं ते माझ्या वहीतून चोरून आपल्या होणाऱ्या मेहुण्याला दिलं. काल त्यानं स्वतः भर सभेत सांगितलं आणि लोक हसले. मी हसलो नाही. तुझ्या जागेवर बसलेल्या माणसाच्या हातची संत्री मी खाल्ली, तेही तुला माहीत असावं. पन्नास वर्षं तुला उत्तर दिलं नाही, हा दोष कुणी माझ्यावर घातलेला नाही. तो माझाच.

तुझ्या वेळा ताडल्या. विकेट तीन पडल्या, चार नाही. अडीचच्या पुढं आवाज बसला तेव्हा बॉल आपल्या बॅट्समनच्या छातीवर लागला होता. तो खाली बसला, मग उठला आणि खेळला. बाकी तुझं सगळं बरोबर. तो बॉलर सतरा पावलं धावतो. मी त्याच दिवशी तुझ्यासाठी मोजून समासात लिहिली होती. वही विश्वेशला हवी होती. ती तुझी आहे, म्हणून पाठवतो. — चिंतामण.’

दुपारी ते चैतालीबरोबर पोस्टात गेले. वही आणि पत्र जाड खाकी कागदात बांधलेलं होतं. वर लिहिलं होतं, मु. पो. सायखेडा, ता. निफाड. खिडकीतल्या बाईंनी वजन केलं, शिक्का मारला आणि पावती पुढे सरकवली.

“जपून ठेवा काका, हरवू नका.”

चैतालीनं सवयीनं पर्स उघडली. “द्या बाबा, इकडे द्या.”

“राहू दे,” चिंतामणराव म्हणाले आणि पावती स्वतःच्या खिशात घातली. राग अजून होता तिथंच होता. खिडकीपलीकडे बाईंनी पार्सल उचललं आणि मागच्या पोत्यात टाकलं.