न वाजलेली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. माझ्या पोटात बुचाचा एक मणी आहे, तो नाचला की माझा आवाज निघतो. आजवर मी हजारो वेळा वाजले असेन. त्यातलं मला फारसं काही आठवत नाही. मनातून जात नाही ती एकच वेळ, जेव्हा मी वाजले नाही.

१९९८ साली रत्नागिरीच्या बाजारातून मला विकत घेतलं ते मिरकरवाड्याजवळच्या एका कोळंबीच्या शेडसाठी. तिथे लांबलचक टेबलं होती, त्यांवर बर्फात ओतलेली कोळंबी, आणि दोन्ही बाजूंना स्टुलांवर बसून ती सोलणाऱ्या साठ बायका. मॅनेजरसाहेबांनी मला रावजी सुपरवायझरच्या गळ्यात घातलं आणि बजावलं, "शिट्टी झाल्याशिवाय कोणी जागा सोडायची नाही. आणि मला विचारल्याशिवाय तू अवेळी शिट्टी मारायची नाहीस."

रावजी देवरूखकडचा साधा माणूस. कुणाच्या बोटात कोळंबीचा काटा घुसला तर स्वतः हळद आणून देई. पण नियम म्हणजे नियम. बायका तहान मारून बसत, कळ सोसून बसत. मी वाजले की सगळ्या एकदम उठत. खोटं कशाला सांगू, मला त्याचा फार गर्व होता. एकदा साहेबांनी पाहुण्यांना गंमत दाखवायची म्हणून मला मध्येच वाजवायला लावलं. साठ बायका उठल्या. पुन्हा वाजवलं, बसल्या. का उठायचं, का बसायचं, एकीनेही विचारलं नाही. पाहुणे हसले. मीही त्या दिवशी रुबाबात चमकत होते.

मग २००३ सालची ती दुपार आली. शेडच्या भिंतीपलीकडे बर्फाचा कारखाना होता. तिथून अमोनियाचा वास अधूनमधून येतच असे, त्यामुळे आधी कोणी मान वर केली नाही. जनी नावाची बाई भिंतीलगत शेवटच्या स्टुलावर बसायची. तिच्या बाजूलाच, दोन पावलांवर, सालं बाहेर टाकायचं दार होतं. ते दिवसभर सताड उघडं असे.

"रावजीदादा," जनी म्हणाली, "डोले लय चुरचुरतंत ओ. शिट्टी मारा की."

रावजीचेही डोळे गळत होते. त्याने साहेबांना फोन लावला. फोन लागेना.

"जरा दम धरा. सायबांना विचारतो नि मारतो."

त्याने मला ओठांपर्यंत नेलं होतं, मित्रांनो. त्याचा श्वास मला लागत होता. पण त्याने मला पुन्हा मुठीत धरलं आणि फोन फिरवत राहिला. बायका रावजीकडे बघत होत्या, मग एकमेकींकडे. कोणीच उठत नाही म्हणून कोणीच उठत नव्हतं. खोकत होत्या आणि सोलत होत्या.

तेवढ्यात समोरच्या टेबलावर सोलत बसलेली मैमुना उठली. "जने, ऊठ गो. शिट्टी गेली खड्ड्यात."

"शिट्टी नाय झाली अजून," जनी म्हणाली.

मैमुनाने शेजारच्या दोघींचे हात धरले आणि ती चालू पडली. त्यांच्यामागून आणखी चारपाच जणी गेल्या. जनी बसून राहिली. त्यानंतर पलीकडे नळी फुटली आणि पांढरा लोट भिंतीच्या झरोक्यांतून थेट तिच्या तोंडावर आला. आता सगळ्याच धावल्या. रावजीने जनीला ओढत बाहेर काढलं. जीव वाचला, डोळे गेले.

चौकशीत साहेब म्हणाले, "एवढं माणसाला कळू नये? मी काय बसून राहा म्हणून सांगितलं होतं?" रावजीने मला गळ्यातून काढलं. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर गेला नाही. मी त्याच्या पेटीत पडून राहिले. त्या अंधारात मला सारखा एकच आवाज ऐकू यायचा, न वाजलेल्या त्या शिट्टीचा. मी काही त्या बायकांना बांधलं नव्हतं. मग त्या कशाने बांधल्या होत्या, हे मला अजून कळलेलं नाही.

चार वर्षांनी रावजी मला घेऊन जनीच्या घरी गेला. खाटेवर बसून म्हणाला, "ही तुमच्याकडं ठेवा. मला नाय बघवत."

जनीने मला चाचपलं, ओठांना लावलं आणि जोरात फुंकलं. कितीतरी दिवसांनी मणी नाचला. आणि रावजी ताडकन उभा राहिला.

खाट करकरलेली जनीने ऐकली.

"बसा दादा," ती म्हणाली, "मी उठा म्हनले नाय."

रावजी बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मित्रांनो, मला घासूनपुसून जपा, असं मी तुम्हांला सांगणार नाही. मी वाजले तर का वाजले ते विचारा, आणि नाही वाजले तरी दाराकडे एकदा बघा, एवढंच मागणं आहे. मी आता जनीच्या उशाशी असते. रोज दुपारी ती मला हातात घेते, ओठांशी नेते, पण फुंकत नाही. मला तशीच खाली ठेवते, उठते आणि भिंत धरत धरत दारापर्यंत जाऊन येते.