दोघींचा भात

शवागारात श्रीलतानं आईचा हात हातात घेतला, तेव्हा तो फ्रिजमधून काढलेल्या भांड्यासारखा गार लागला. तो गारठा तळव्यात घेऊनच ती दुपारी दोन वाजता घरी पोचली. भाऊ मस्कतहून उद्या पहाटे येणार होता. तोवर आई तिथंच.

घरी तंकमणी मावशी एकटीच ओसरी झाडत होती.

"गॅस पेटवू नकोस हं पोरी. शेजारून पेज येईल," ती म्हणाली. "आणि सकाळचं काही शिजलेलं असलं तर केळीच्या बुडाशी टाक. मयताच्या घरातलं खात नाहीत."

श्रीलता स्वयंपाकघरात गेली. दोरीवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन चिमट्यांना लटकवलेल्या. सगळी बटणं बंद. सकाळी नवाच्या सुमारास आई अंगणात कोसळली, त्याआधी आठवणीनं पंखासुद्धा बंद करून गेली होती.

कोपऱ्यात तो लाल डबा होता. गुडघ्याएवढा, आतून चार बोटं जाड फोम. दोन वर्षांपूर्वी श्रीलतानंच एर्नाकुळमहून पाठवलेला. तांदूळ दहा मिनिटं गॅसवर उकळायचे, पातेलं आत ठेवून झाकण लावायचं. पुढचं काम कोंडलेली ऊब करते. दर रविवारी ती फोनवर विचारायची, "सिलिंडर किती दिवस गेला, अम्मा?" दोन महिन्यांचा सिलिंडर पाच महिने पुरायला लागला, तेव्हा तिनं ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं.

तिनं झाकण उचललं. वाफ तोंडावर आली.

झाकण हातात तसंच राहिलं. आई गार पडली होती आणि तिनं लावलेला भात अजून गरम होता.

मग तिचं लक्ष पातेल्यात गेलं. भात दोघांचा होता. आई शाळेत मास्तरीण होती, तांदूळही वर्गातल्या हजेरीसारखे माणसं मोजून घ्यायची. एक घास उरला तरी तिला चुकल्यासारखं व्हायचं. सोमवारी श्रीलता म्हणाली होती, "या आठवड्यात यायला जमेलसं वाटत नाही." येणार नाही असं काही म्हटलं नव्हतं.

ती खाली बसली. "मावशी, ती माझी वाट बघत होती गं."

मावशी दारात आली, पातेल्यात डोकावली. "असेल गं," ती हळूच म्हणाली. "पण टाक तो."

एवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, "टीचर, दोन वॉर्ड पालथे घातले आज! भात काढा, नाहीतर पिशव्यांबरोबर तुम्हालाच पोत्यात भरते!"

हिरव्या कोटातली ती बाई घरोघरचं प्लास्टिक गोळा करणारी सुबैदा होती. मावशीनं तिला सांगितलं. सुबैदा उंबऱ्यावरच बसली. तिच्या हातात कागदात गुंडाळलेले दोन पापड होते.

"पापड आण म्हणाल्या होत्या," ती म्हणाली. "काल म्हणाल्या."

श्रीलतानं विचारलं, "तुम्ही रोज इथं जेवता?"

"दोन वर्षं झाली. डबा आला त्याच आठवड्यात टीचरांनी मला रस्त्यात अडवलं. म्हणाल्या, 'सुबैदा, मुलीनं डबा पाठवलाय, पण एका माणसाचा भात त्यात शिजतच नाही. तळाला एवढासा असला की ऊब धरत नाही, कच्चा राहतो. तू जेवायला येशील तर डबा चालेल.'"

दोन वर्षांतले सगळे रविवार तिनं मनात चाचपून पाहिले.

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही सिलिंडरचं विचारायचात ना," सुबैदा डोळे पुसत म्हणाली, "तेवढं त्या सांगायच्या."

मावशीनं पातेल्याकडे हात नेला. श्रीलतानं तो अडवला.

"टाकायचा नाही. आम्ही जेवतो."

"सुतकात? लोक काय म्हणतील, लते?"

"मावशी, तिनं आयुष्यात भात टाकला नाही."

मावशीनं हात मागे घेतला. श्रीलता उठली. मांडणी पाहिली, मग खालचं कपाट, मग ओट्याखाली. ताटं सापडेनात. ती घरभर पाहुण्यासारखी शोधत राहिली, तेव्हा सुबैदा उठली आणि न बघता खिडकीमागच्या फळीवर हात घालून तिनं दोन ताटं काढली.