हातोडीचा टायर

मित्रांनो, मी टायर आहे. जुना आहे हे वेगळं सांगायला नको. ज्याच्या अंगावरची नक्षी पार पुसली गेलीय आणि ज्याच्या पोटात दुपारी मांजर झोपतं, त्याला नवा कोण म्हणेल? पण एके काळी मी ट्रकचा टायर होतो, वजन छप्पन किलो, आणि आता मी जे सांगणार आहे ते सगळं खरं आहे. जिथे थोडं जास्त वाटेल तिथे तुमचं तुम्ही कमी करून घ्या. मी रागावणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. आधी मी नुसता काळा गोळा होतो, मग मला तापलेल्या साच्यात घालून असं काही दाबलं की बाहेर आलो तो गोल गरगरीत होऊन. त्याच दिवशी माझी तीनशे भावंडं जन्माला आली. सगळी दिसायला सारखी. पण मीच त्यांच्यात देखणा होतो, हे मला तिथल्या यंत्रानंच सांगितलं.

पुढे मला ट्रकला लावलं. मागे, डाव्या बाजूला, आतल्या अंगाला. तिथे टायर जोडीनं असतात. बाहेरच्याला जग दिसतं आणि आतल्याला बाहेरच्याचं पोट. मी डोंगर ओलांडले, समुद्राकाठानं गेलो, मोठमोठे पूल पार केले, आणि यातलं काहीही पाहिलं नाही. शेजाऱ्याला विचारायचो, काय दिसतंय रे? तो म्हणायचा, रस्ता. सहा वर्षांत त्याच्या तोंडून दुसरा शब्द निघाला नाही.

एकदा मात्र मी स्वतः जग पाहिलं. एका उतारावर नट ढिले झाले, आधी शेजारी सुटला, त्याच्यामागून मी. शेजारी लगेच गटारात जाऊन बसला, त्याला कशातच हौस नव्हती. मी मात्र ट्रकला मागे टाकून पुढे निघालो. चालकानं मला खिडकीतून पाहिलं आणि म्हणाला, "काय निष्काळजी लोक असतात, कुणाचं तरी चाक सुटलंय." दोन वळणांनंतर त्याला कळलं कुणाचं ते. मी पायथ्याशी त्याची वाट बघत उभा होतो. हा अनुभव लक्षात ठेवा, मला तो पुढे कामाला आला.

नक्षी झिजली तशी माझी नोकरी गेली, आणि मी एका टायरच्या दुकानात येऊन पडलो. दुकान म्हणजे पुढे पत्र्याची शेड, मागे दोन खोल्या, आणि समोर एक सरळ उतार. त्या उताराच्या तळाशी शाळेचं मैदान. दुकानदार कमी बोलणारा माणूस होता. त्याचं डोकं कायम कुठल्या तरी गाडीखाली असायचं. गिऱ्हाईक त्याला पायांवरून ओळखायचे. त्याला एकच मुलगी, चौदा वर्षांची. तिला सगळे हातोडी म्हणत.

का म्हणत ते सांगतो. टायर चाकाच्या लोखंडी रिमला चिकटून बसला की तो सोडवायला घण घालावा लागतो. वरून खाली, दणकन. ही पोर दहा वर्षांची असल्यापासून बापाच्या शेजारी उभी राहून घण मारायला शिकली. तिचा घाव असा नेमका बसायचा की टायर मुकाट्यानं सुटायचा. मलाही तिनंच सोडवलंय. अजून आठवलं की अंगावर काटा येतो, आणि मला तर आता अंगावर काहीच उरलेलं नाही.

तर ही हातोडी शाळेत सॉफ्टबॉल खेळायला लागली. पळण्यात पहिली, चेंडू झेलण्यात पहिली. फक्त बॅट हातात आली की घण व्हायची. चेंडू कमरेच्या उंचीवरून यायचा, ही वरून खाली दणका घालायची, आणि चेंडू तिच्याच पायाशी मातीत रुतायचा. संघ बाहेरगावी स्पर्धेला जायचा होता. सगळ्या जागा भरल्या होत्या, एक उरली होती. शनिवारी सकाळी निवड होती. जागा नाही मिळाली तर हातोडीनं संघाबरोबर जायचं, पण सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायला.

खेळाच्या बाई तिला रोज सांगायच्या, "हातानं मारू नकोस, कमरेनं मार." पोरीनं ते मनावर घेतलं. चेंडू यायच्या आधी ती कंबर एकदा इकडे, एकदा तिकडे हलवायची, मग थांबायची, आणि मग वरून घण घालायची. हे मला मैदानावरच्या एका सायकलच्या टायरनं सांगितलं. तो म्हणाला, आधी नाच होतो आणि मग खड्डा पडतो.

बापानं एवढंच ऐकलं की पोरीला सराव पाहिजे. त्यानं मला शेडच्या तुळईला दोरानं टांगलं आणि म्हणाला, "हाण याला." बस. मांजर तीन दिवस रुसलं होतं.

मित्रांनो, तेव्हापासून मी रोज संध्याकाळी मार खाल्ला. नीट मारलं की माझ्यातून 'धम्म' असा आवाज येतो आणि मी लांब झोका घेतो. हातोडी मारायची तेव्हा 'टप' व्हायचं आणि मी जागचा हलायचो नाही. दोनशे वेळा टप. मी अंग सैल सोडून पाहिलं, पोट आत घेऊन पाहिलं. छप्पन किलोंना किती मदत करता येणार?

शेजारी शिंपीकाकांचं दुकान होतं. त्यांनी दोन दिवस बारकाईनं पाहिलं आणि निदान केलं की दोष काखेत आहे. "कापड अडतंय गं तुझं, हात फिरणार कसा?" त्यांनी तिच्या खेळाच्या सदऱ्याच्या बाह्या उसवून एवढ्या मोठ्या करून दिल्या की दुसऱ्या दिवशी पळताना त्यांच्यात वारा भरला. ती म्हणते, पहिल्या बेसपर्यंत आपण उडतच गेलो.

मग बापानं मनावर घेतलं, आणि तिथे खरा घोटाळा झाला. त्यानं बॅट हातात घेऊन तोलली. एक टोक जड, एक हलकं. त्याच्या जन्मभराच्या धंद्यात असल्या गोष्टीला एकच नाव आहे: बिघाड. चाक एका बाजूला जड झालं की ते डगमगतं, मग ते यंत्रावर फिरवून बघतात आणि हलक्या बाजूला शिशाचे छोटे तुकडे चिकटवतात. तर या बाबानं बॅट यंत्राला बांधून फिरवली. यंत्र एवढं थरथरलं की शेडमधले सगळे पाने खाली पडले. तो म्हणाला, तरीच! आणि त्यानं मुठीच्या बाजूला शिसं चिकटवायला घेतलं. दहा, वीस, तीस तुकडे. शेवटी बॅट दोन्हीकडून अगदी समान झाली. ती एका बोटावर आडवी तोलून राहिली. बाप एवढा खूश झाला की त्यानं ती शिंपीकाकांना बोलावून दाखवली.

गुरुवारी हातोडी ती बॅट घेऊन मैदानावर गेली. पहिला चेंडू येऊन गेला, मागच्या मुलीनं झेलला, परत फेकला, आणि मग हिची बॅट फिरली. बाईंनी बॅट हातात घेतली आणि सगळ्या मुलींसमोर एक एक तुकडा नखानं सोलून काढायला लागल्या. तीस तुकडे, मित्रांनो. कुणीतरी मोजत होतं, मोठ्यानं.

घरी आल्यावर ती बापाला म्हणाली, "बाबा, शनिवारी तुम्ही मैदानावर येऊ नका. आलात तरी काही बोलू नका."

गाडीखालून फक्त पाय दिसत होते. मग आवाज आला, "बरं. नाही बोलत."

आता शुक्रवारची गोष्ट ऐका, कारण ती पाहणारा मी एकटाच होतो. संध्याकाळी एक ट्रक आला. चाकाचा एक नट गंजून बसला होता. बापानं नटाला पाना लावला, त्याच्यावर लांब नळी उभी चढवली, आणि त्याला फोन आला म्हणून हातोडीला म्हणाला, तू बघ जरा. पोरीनं नळी धरून हातांनी ओढली. नट हसला. तिनं दातओठ खाऊन पुन्हा ओढली. बाप फोन कानाला लावूनच म्हणाला, "हातानं नको गं. पाय रोव. मागच्या पायावरून वळ. कंबर आधी जाऊ दे, हात आपोआप येतात मागून."

तिनं पाय रोवले. मागची टाच उचलली, गुडघा वळला, कंबर वळली, खांदे वळले, आणि सगळ्यात शेवटी हात आले. कर्रर्र करून नट सुटला.

मी तुळईला लटकून बघत होतो आणि माझा जीव वरखाली होत होता. अगं हेच! बाई वेगळं काय सांगतायत? पण पोरीला वाटलं तिनं नट सोडवला. बापाला वाटलं त्यानं धंद्याचं सांगितलं. त्यानं तिला मैदानावर खेळताना कधी पाहिलंच नव्हतं, आणि माझ्यावर ती टप टप करायची तेव्हा त्याचं डोकं गाडीखाली. दोघं हात धुऊन जेवायला गेली. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मला नुसतं मधोमध भोक आहे.

तेव्हाच मी ठरवलं. बापाला मैदानावर न्यायचं.

शनिवारी सकाळी हातोडी गेली. बाप रोजच्यासारखा कामाला लागला, पण अर्ध्या तासात एकच स्क्रू त्यानं चार वेळा पिळला. इकडे माझा दोर तुळईवर घासून झिजला होता. लोक म्हणतात तो आपोआप तुटला. लोकांचं काय. मी खालून वारा भरून घेतला, तीन झोके घेतले आणि उडी मारली.

उतार माझ्या ओळखीचाच होता. मी सुसाट निघालो. मागून बाप हातात पाना घेऊन, त्याच्यामागे शिंपीकाका गळ्यात टेप घालून, आणि सगळ्यांत पुढे मांजर, कारण ते अजून माझ्या पोटातच होतं. एक कुत्रा मला पाहून भिंतीवर चढला. एका बाईंच्या हातातली पिशवी मी उडवली नाही, नुसता नमस्कार करून गेलो. मैदानाच्या फाटकातून आत शिरलो, एक गिरकी घेतली आणि कुंपणाच्या जाळीला टेकून थांबलो. काही जण सांगतात की मला हातगाडीवरून आणलं. त्यांना सांगू दे.

बाप धापा टाकत आला, मला धरायला वाकला, आणि वाकूनच राहिला. समोर त्याची पोर बॅट घेऊन उभी होती.

दहा चेंडू मिळायचे होते, सहा झाले होते. सहाही मातीत. बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. सातव्याला तिनं वरून घण घातला, टप.

बापानं ते पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आणि शिंपीकाकांना हळूच म्हणाला, "अहो, ही नट हातानं सोडवतेय."

हातोडीनं मान वळवली तेव्हा तिला आम्ही दिसलो. तिचा चेहरा पडला. बापानं तर न बोलायचं कबूल केलेलं. त्यानं तोंड घट्ट मिटलं, पाना माझ्या अंगावर ठेवला, आणि हवेत दोन्ही हातांनी एक न दिसणारी नळी धरली. पाय रोवले. मागची टाच उचलली. आणि कंबर वळवली. मग पुन्हा. मग पुन्हा. ढेरपोट्या माणूस, काळे हात, तोंड मिटलेलं, आणि कंबर चाललीय. मुली हसून हसून खाली बसल्या. कुणीतरी म्हणालं, हातोडीचे बाबा नाचतायत.

हातोडी हसली नाही. ती त्याच्या टाचेकडे बघत होती. मग तिनं स्वतःच्या टाचेकडे पाहिलं.

आठवा चेंडू आला. तिची कंबर गेली, हात मागून आले, चेंडू हुकला आणि ती गिरकी घेऊन मातीत बसली. मुली पुन्हा हसल्या. पण बाईंनी वही मिटली आणि नीट बघायला लागल्या.

नववा आला. मित्रांनो, तो 'धम्म' मी ओळखतो, मी असल्या आवाजाची पंधरा दिवस वाट पाहिली होती. चेंडू तो टाकणाऱ्या मुलीच्या डोक्यावरून, दुसऱ्या बेसवरून, दूर उभ्या मुलीच्याही डोक्यावरून गेला. मी म्हणतो तो अजून सापडलेला नाही. बाई म्हणतात, तो कुंपणाशी सापडला. दहावा पुन्हा मातीत गेला, कारण चार वर्षांचा घण एका सकाळीत सुटत नाही.

बाई कुंपणापाशी आल्या आणि बापाला म्हणाल्या, "मी हे तिला महिनाभर सांगतेय. तुम्ही कसं शिकवलंत?"

बाप काही बोलला नाही. त्यानं पोरीकडे पाहिलं.

"बोला आता, बाबा," हातोडी म्हणाली.

"नट आहे तो," बाप म्हणाला.

बाईंना काही कळलं नाही, पण शेवटची जागा त्यांनी तिलाच दिली. पिशव्या मग सगळ्यांनी आपापल्या उचलल्या.

मला परत उतारावर चढवायला कुणीच तयार होईना, म्हणून मी मैदानावरच राहिलो. आता मी झाडाला टांगलेला असतो आणि माझ्यासमोर रोज मुलींची रांग लागते. हातोडी त्यांना शिकवते. कुणी नुसते हात फिरवले की म्हणते, नट हसला बघ.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. पाऊस झाला की माझ्या पोटातलं पाणी ओतून टाका, डास फार गाणी म्हणतात आणि मांजराला झोपायला जागा उरत नाही. आम्ही म्हातारे झालो म्हणून आम्हाला जाळू नका, फार धूर होतो आणि सांगायच्या गोष्टी राहून जातात. दोर अधूनमधून बघत जा. मी पुन्हा कधी निघेन, भरवसा नाही. आणि मारायचं म्हणाल तर खुशाल मारा, मी त्यासाठीच टांगलेला आहे. फक्त आधी टाच उचला.