मी फक्त एकूण वजन सांगतो

लोखंडी फळी एक. उभा खांब एक. पितळी दांडी एक आणि तिच्यावर सरकणारी वजने दोन, एक मोठे आणि एक छोटे. चाके चार होती, आता तीन आहेत. चौथ्याच्या जागी लाकडाचा ठोकळा आहे. खांबाच्या मागच्या बाजूला तपासणीचे शिक्के, एकूण एकोणीस.

मित्रांनो, एवढ्या वस्तू मिळून मी झालो आहे. सिल्वासाच्या डोकमर्डी भागात एक छोटा दवाखाना आहे. तिथला जुना वजनकाटा म्हणजे मी.

माझे तरुणपण जवळच्या मसाटला धाग्याच्या कारखान्यात गेले. धाग्याने भरलेली पेटी माझ्यावर ठेवत. मी जे सांगे त्याला ग्रॉस म्हणत, म्हणजे एकूण वजन. मग त्यातून पुठ्ठ्याची पेटी आणि आतल्या नळ्या यांचे वजन वजा करत. त्याला टेअर म्हणत. उरे ते नेट, म्हणजे खरा धागा. वजाबाकी मी कधीच केली नाही. ती माणसे करत. माझे काम एवढेच, की शंभर ग्रॅमचीही चूक होऊ द्यायची नाही. दरवर्षी तपासनीस येई, प्रमाणित वजने माझ्यावर ठेवी आणि नवा शिक्का मारी. त्या दिवशी मला फार अभिमान वाटे.

मग आकडे उजळणारा इलेक्ट्रॉनिक काटा आला. मला बॉयलरच्या मागे ठेवले. दोन पावसाळे मी तिथे गंजत होतो. तिथेच माझे एक चाक गेले. शेवटी मला भंगारात काढताना रघुनाथभाऊंनी पाहिले. ते पूर्वी त्याच कारखान्यात माल चढवत असत आणि आता दवाखान्यात मदतनीस आहेत. त्यांनी मला टेम्पोत घालून इथे आणले, रॉकेलने पुसले आणि पुन्हा तपासून घेतले.

अशा रीतीने मी पेट्यांवरून माणसांकडे आलो.

एके दिवशी सरिताताई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. वय बेचाळीस, गाव शिरपूरकडचे. मसाटच्या त्याच कारखान्यात त्या पॅकिंगला आहेत. त्यांनी माझ्या खांबावर हात ठेवला आणि त्या हसल्या.

"अरे, हा तर आपला पाच नंबरचा काटा! आधी मी याच्यावर पेट्या चढवायची, आता मीच चढते."

चौऱ्याण्णव किलो सहाशे ग्रॅम. रक्तातली साखर वाढलेली, गुडघे दुखत होते. पॅकिंगवर वीस किलोची पेटी जमिनीवरून टेबलावर ठेवावी लागते. ज्याला ते जमत नाही, त्याला लाइनवर ठेवत नाहीत. त्यांची मुलगी श्रुती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

"डॉक्टरताई, अजून तीन वर्षं मला लाइनवर उभं राहायचंच आहे. काय करायचं ते सांगा, मी करते."

डॉक्टर गौरी चिपळूणच्या. त्यांनी आधी आहार आणि चालणे सांगितले. सरिताताईंनी ते मनापासून केले. मी साक्षीदार आहे. नऊ महिन्यांत मी नव्वद किलो चारशे दाखवले. पण पुढच्या वर्षभरात, भूक वाढत गेली तसतसा, माझा आकडा पंचाण्णव किलो दोनशेवर गेला. चालणे त्यांनी सोडले नव्हते.

तेव्हा डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन सुचवले. त्याने भूक कमी होते आणि साखरही आटोक्यात येते. रघुनाथभाऊंना ते पटले नाही.

"सुई टोचून बारीक व्हायचं? आमच्या वेळी खानवेलहून लोक पायी यायचे, म्हणून अंग सुटत नव्हतं."

"रघुनाथभाऊ," डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही बीपीची गोळी रोज घेता. ती सोडा आणि तेही चालून बरं करा बघू."

रघुनाथभाऊ माझी दांडी पुसायला लागले. ती स्वच्छच होती.

इंजेक्शन सुरू करताना डॉक्टरांनी सरिताताईंना एक कागदही दिला. रोज डाळ, मूग, अंडी; आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा व्यायाम. सरिताताईंनी तो घडी घालून पिशवीत ठेवला. डोस वाढवायला त्या डॉक्टरांकडे जात आणि "सगळं करतेय" असे सांगत.

मग माझे कौतुकाचे दिवस आले. दर महिन्याला त्या माझ्यावर चढत आणि मी कमी आकडा सांगे. ब्याण्णव. नव्वद. सत्त्याऐंशी. त्यांच्यासोबत पॅकिंगवरची सोनम येई. ती टाळ्या वाजवून म्हणे, "सरिते, जपून जा गं! वाऱ्यानं उडालीस तर खानवेलच्या जंगलात शोधायला कोण जाणार?" सगळे हसत. मीही खूश होतो. चौथ्या महिन्यात मी चौऱ्याऐंशी किलो तीनशे दाखवले आणि मला वाटले, मी एका माणसाला बरे केले.

मित्रांनो, तिथे माझी चूक झाली.

तीन दिवसांनी सरिताताई परत आल्या. त्यांच्या पायाला सूज होती. सोबत सोनम आणि पॅकिंगचे सुपरवायझर कल्पेशभाई होते.

"मॅडम, सरिताबेनच्या हातून पेटी पडली. पायावरच. सकाळपासून तिसरी पेटी. महिनाभर मी यांना लेबल लावायला बसवतो, पण पछी, महिना संपला की, मला वर उत्तर द्यावं लागेल."

"पेटी जड झाली का ताई?" डॉक्टरांनी विचारले.

"पेटी तीच आहे. हातातच जोर नाही."

"दिवसभरात काय खाता?"

सरिताताईंच्या आधी सोनमच बोलली. "सकाळी चहा, दुपारी अर्धी भाकरी. सोमवारी आणि शनिवारी उपास. डबा उघडते आणि मला देते. मीच जाड झाले हिच्यापायी."

"भूकच लागत नाही, तर कशाला खायचं?" सरिताताई म्हणाल्या. "आणि जातंय ते टेअरच ना, डॉक्टरताई? पुठ्ठा गेला, धागा राहिला. जेवढं जास्त जाईल तेवढं चांगलं."

मला धक्का बसला, कारण मीही अगदी तसेच समजत होतो. आम्ही दोघे एकाच कारखान्यात शिकलो होतो. एकूणमधून जे कमी होते ते टाकाऊ आणि उरते ते कामाचे, असा आमचा हिशेब.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. "ताई, पेटीत पुठ्ठा वेगळा असतो आणि धागा वेगळा. अंगात तसं नसतं. वजन भराभर उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. कधी पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त. पोटभर डाळ-अंडी नाही, व्यायाम नाही, मग स्नायू आणखी जातात. हा काटा खोटं बोलत नाही. पण काय गेलं ते त्याला कळत नाही. मला कळायला हवं होतं. तुमचा आकडा बघून मीही खूश होत राहिले, ताकद मोजलीच नाही."

मग पायाचे हाड शाबूत आहे हे तपासून त्यांनी सरिताताईंना हात छातीवर बांधून खुर्चीवरून उठायला आणि बसायला सांगितले. तीस सेकंदांत सात वेळा, या वयाला फारच कमी. सुरुवातीला हे मोजले नव्हते, त्यामुळे किती घट झाली ते सांगता येत नाही.

"मग इंजेक्शन बंद करू?" सरिताताईंचा आवाज खाली गेला. "सगळं परत येईल. मागच्या वेळी आलं तसं."

"बंद नाही करायचं. डोस तूर्त वाढवायचा नाही. औषध भूक सांभाळेल. स्नायू औषध बांधत नाही, ते तुम्ही बांधायचे. पिशवीतला कागद काढा."

कागद चार महिन्यांच्या घडीवर फाटला होता. श्रुतीने तो मोठ्या अक्षरात पुन्हा लिहिला आणि घरी चुलीशेजारच्या भिंतीवर चिकटवला. उपास बंद झाले. सकाळी दोन अंडी, दुपारी मुगाची उसळ, संध्याकाळी डाळ. भूक नसतानाही, थोडे थोडे करून. पायाची सूज उतरल्यावर व्यायाम सुरू झाला. कारखान्यातली पाळी संपली की सरिताताई दवाखान्यात येत आणि माझ्या शेजारी त्या खुर्चीवर उठबस करत. मग पाण्याने भरलेले डबे उचलत. आधी दोन किलोचे, मग पाचचे, मग दहाचे. प्रत्येक डबा रघुनाथभाऊ आधी माझ्यावर ठेवत.

"अर्धा तांब्या कमी आहे. फसवता काय मला, ताई?"

"भाऊ, तुम्ही अजून कारखान्यात असतात तर आमचं अवघड होतं."

आता माझा आकडा फार हळू उतरे. एका महिन्यात तर तो जागचा हलला नाही. मला वाईट वाटले, पण सरिताताईंनी त्या दिवशी माझ्याकडे पाहिलेही नाही. त्या खुर्चीवरच्या फेऱ्या मोजत होत्या. सात, नऊ, पुन्हा नऊ, बारा. लेबल लावण्याचा महिना संपला, तेव्हा कल्पेशभाईंनी वर बोलून आणखी तीन महिने मिळवले. त्यानंतर भरलेली पेटी दोन मिनिटांत दहा वेळा जमिनीवरून टेबलावर ठेवून दाखवायची होती. नाही जमले, तर लाइन सुटणार होती.

मित्रांनो, मी जुना आहे, पण माझी दांडी अजून सरळ आहे. माझी एक विनंती ऐका. घरी कोणी वजन कमी करत असेल, औषधाने किंवा औषधाशिवाय, तर त्याला हसू नका. औषध घेणारा आळशी नसतो, आणि चालूनही ज्याचे वजन उतरत नाही तो खोटारडाही नसतो. त्याने औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. मला जरूर विचारा, मी खरेच सांगेन. पण एकट्या माझे ऐकू नका. तो माणूस पोटभर जेवला का, जिना चढला का, हेही विचारा. आणि मला कोरडे ठेवा, वर्षातून एकदा तपासून घ्या. न तपासलेला काटाही ठामपणेच बोलतो.

ठरलेल्या दिवशी कल्पेशभाई कारखान्यातून भरलेली पेटी घेऊन दवाखान्यात आले. डॉक्टर म्हणाल्या, "आधी काट्यावर."

"मॅडम, अमारा माल पर भरोसो नथी?"

"आहे. तरी ठेवा."

रघुनाथभाऊंनी माझे छोटे वजन हळूच सरकवले. श्रुतीने मोबाइलवर वेळ लावली. सोनम आज थट्टा करत नव्हती. सरिताताईंनी पदर खोचला, गुडघे वाकवले आणि पेटीच्या खाली हात घातले.

पेटी : वीस किलो शंभर ग्रॅम.

सरिताताई : एक्क्याऐंशी किलो नऊशे ग्रॅम.

जमिनीवरून टेबलावर : दहा वेळा, एक मिनिट बावन्न सेकंदांत.