रिकाम्या किटल्यांची रांग

राधाकिशन तसा अंथरुणात लोळणारा माणूसच नव्हे. नांदूरघाटच्या अलीकडं त्याचं गाव, आणि गावच्या सहकारी दूध संस्थेचा सचिव म्हणून त्यानं अर्धी हयात काढलेली. पहाटे उठायचं, डेअरीपुढच्या लिंबाला टांगलेल्या रेल्वे रुळाच्या तुकड्यावर टोले हाणायचे, की गाव दुधाच्या किटल्या घेऊन रांगेत हजर. मग एकेकाच्या दुधाला फॅट लावायचं, म्हणजे त्यात स्निग्धांश किती ते मोजायचं. पण त्या साली लागोपाठ दुसऱ्यांदा पावसानं दगा दिला. विहिरींचे तळ दिसायला लागले. जनावरं काही विकली, उरलेली लांबच्या चारा छावणीत गेली. दूधच नाही म्हटल्यावर डेअरीला कुलूप लागलं.

कुलूप डेअरीला लागलं, पण बंद पडला राधाकिशन. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. ताट पुढ्यात आलं की भाकरी चिवडायची आणि सरकवून द्यायची. कुणी हाक मारली तर घरात न्हाई म्हणून सांग, असं बायकोलाच म्हणायचा. तुळजाबाई खमकी बाई. तिनं आधी दृष्ट काढून बघितली, आणि त्यानं काही होईना तेव्हा सरळ केजच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, की रोज घराबाहेर पडा, चार माणसांत बसा, मनातलं बोला. परतताना जीपमध्ये तो तिला म्हणाला, की बोलू काय? घरात कुणी गेलं नाही, कुणी आजारी नाही, नुसतं आतून वाळल्यासारखं वाटतंय, हे काय लोकांना सांगायचं असतं व्हय? हा माणूस असाच डोळ्यांदेखत हातचा जातो की काय, या भीतीनं तुळजाबाईचा जीव थोडा थोडा होत होता.

गोळ्यांनी झोप लागायला लागली आणि त्या झोपेनंच घोळ केला. एका पहाटे तो गाढ झोपेतून तसाच उठला, पायताण घालून सवयीनं डेअरीपुढं गेला आणि टोले हाणायला लागला. दोन-चार टोल पडल्यावर कुठं त्याला डेअरीचं कुलूप दिसलं. अरे देवा! शरमेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुपचूप घर गाठावं म्हणून वळला, तर पुढं भिवराबाई उभी, हातात किटली घेऊन.

भिवराबाई म्हातारी, घरात एकटी. लेक आणि सून ऊसतोडीला लांब गेलेले, म्हैस छावणीत. टोल कानावर पडला आणि तिचा हात आपसूक किटलीकडं गेला होता. तिच्या मागं शहादेव, त्याच्या मागं चंद्रभागाबाई, अन् अशी अर्धी रांग. सगळ्यांच्या किटल्या ठणठणीत रिकाम्या. जो तो आधी आपल्या किटलीत बघायचा, मग दुसऱ्याच्या. शेवटी चंद्रभागाबाईला हसू फुटलं आणि मग सगळ्यांनाच. त्या लिंबाखाली लई दिवसांनी कुणी हसलं होतं.

हसणं ओसरल्यावर भिवराबाई म्हणाली, "आता आलोच हाव तर फॅट लाव की बाबा. दूध न्हाई, तर माझंच लाव."

राधाकिशननंही थट्टेनंच विचारलं, की मावशी, किती धरू? म्हातारी मात्र विचारात पडली.

"तीन धर. लई पातळ झालंय बग. बोलाया घरात भिंतीच हायत्या निस्त्या."

कुणी हसलं नाही. मग शहादेवनं घसा खाकरला. आपलं त्याहून कमी लागंल, म्हणाला. बैल विकल्यापासून मोकळ्या दावणीकडं बघवत नव्हतं त्याला. एवढं बोललेला शहादेव गावानं कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या पहाटे टोल द्यायला जावं का नको म्हणून राधाकिशनचे पाय घोटाळत होते. तुळजाबाईनं काही न बोलता त्याचं पायताण दारात सरळ करून ठेवलं, आणि तो गेला. मग रोजचाच रिवाज पडला. टोल पडायचा, किटल्या यायच्या, एकेकजण आपलं फॅट सांगायचा. कुणाचं चांगलं लागायचं, कुणाचं उतरायचं. ज्याचं उतरलं त्याला शहाणपण शिकवायचं नाही, हा दंडक भिवराबाईनं घालून दिला. म्हशीचं फॅट उतरलं तर आपण तिला बोल लावतो का, चारापाण्याचं बघतो, असं तिचं म्हणणं. मग त्या माणसाबरोबर कुणीतरी घरापर्यंत चालत जायचं, कुणी भाकरी घेऊन त्याच्या ओसरीवर जेवायचं. जो आलाच नाही, त्याच्या घरी जाऊन बघायचं.

राधाकिशन सगळ्यांचं विचारायचा. त्याला कुणी विचारलं की, आपलं चाललंय बरं, म्हणून पुढच्याकडं वळायचा. मोजणाऱ्याला कोण मोजतंय?

आणि एका पहाटे ते आतलं वाळलेपण परत आलं. जाग होती, पण अंग उचलेना. मधे चांगले दिवस गेलेले, म्हणून तर ते जास्तच जड वाटलं. म्हणजे आपण बरे झालोच नव्हतो, हे सगळं नाटकच होतं, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं भिंतीकडं तोंड केलं. उजाडलं तरी टोल पडला नाही. तुळजाबाई चुलीपुढं हातपाय गाळून बसून राहिली.

तेवढ्यात रुळाचा आवाज आला. वेडावाकडा, ताल नसलेला. थोड्या वेळानं भिवराबाई धापा टाकत दारात आली आणि किटली मांडीशी धरून उंबऱ्यावरच बसली.

"राधाकिशना, रांग खोळंबलीय. तुजं किती?"

तो भिंतीकडं आणखी सरकला. म्हातारी काही हलेना. तिला कुठं जायची घाई होती!

"मावशी," तो भिंतीकडंच बघत म्हणाला, "निस्तं पाणी हाय."

"आसू दे. जे हाय ते घिऊन ये."

त्याला रडू आलं. बायकोपुढं, म्हातारीपुढं, त्यानं ते येऊ दिलं. मग तुळजाबाईनं दिलेल्या पाण्यानं तोंड धुतलं आणि पायताण घातलं. भिवराबाईनं आपली किटली त्याच्या हातात दिली.

लिंबाखाली शहादेव रुळापाशी उभा राहून एकेकाला विचारत होता. राधाकिशनला बघून तो बाजूला सरकायला लागला, पण राधाकिशननं मानेनंच नको म्हटलं. इतकी वर्षं तो मापाच्या बाजूला उभा राहिलेला माणूस. आज तो किटली घेऊन चंद्रभागाबाईच्या मागं गेला आणि रांगेत उभा राहिला.