डचेसमधली चहाची टाकी

"कसला खेळ खेळतोस रे संगणकावर?" असं कुणी विचारलं की क्लाइव्ह टॅन्सलीच्या नाकाला मिरच्या झोंबत. खेळ नव्हे, सिम्युलेटर! खेळात माणसाला मजा येते, आणि क्लाइव्हच्या मागच्या खोलीत मजेला सक्त मनाई होती. त्याची बायको ब्रेंडा जेवायला बोलवायला यायची, तीही दारातूनच, कारण आत पाऊल टाकलं की क्लाइव्ह हात वर करून म्हणायचा, "थांब, एडनला उतरतोय."

"एडनला उतरून झालं की खाली उतरा महाराज, मटार गार होतायत," असं म्हणून ती जिना उतरायची. हा माणूस रोज एडनला जातो, सायप्रसला जातो, आणि मला लग्नापासून इथल्या स्केगनेसच्या किनाऱ्यापलीकडे नेलं नाही, हे तिचं गाऱ्हाणं लिंकनशर परगण्यातल्या निम्म्या केस कापणाऱ्या बायकांना पाठ होतं.

क्लाइव्ह स्वतः विमानदलात एक दिवसही नव्हता. कान फुटका म्हणून त्याला तरुणपणी परत पाठवलेलं, मग काउंटीच्या रस्ते खात्यात गटारांचे नकाशे काढत जन्म गेला. निवृत्त झाल्यावर मात्र त्यानं मनावर घेतलं की डचेस पुन्हा उभी करायची, संगणकात का होईना. डचेस म्हणजे साठ सालच्या आसपासचं सैन्याचं मालवाहू विमान. सरकारी नाव वेगळंच होतं, पण तिच्यावर काम केलेली माणसं तिला डचेसच म्हणत, कारण ती अंगानं अवाढव्य होती, हळू चालायची आणि कुणाचं ऐकायची नाही. आता एकही शिल्लक नाही. सगळ्या भंगारात गेल्या आणि त्यांची पातेली झाली म्हणे.

ही असली विमानं घरच्या घरी घडवणारी मंडळी जगभर पसरलेली आहेत. बहुतेक पेन्शनर, बहुतेक चिडखोर. फुकट वाटतात एकमेकांना आपली विमानं, आणि फुकट मिळालेल्या विमानाचे आभार एका ओळीत मानून पुढं पानभर चुका काढतात. त्या मंडळींच्या संकेतस्थळावर क्लाइव्हचा दरारा होता. पुराव्याशिवाय एक रिव्हेट नाही, हा त्याचा नियम. फोटो हवा, नाहीतर कारखान्याचं रेखाटन हवं. एकदा डचेसच्या मागच्या दाराची कडी गोल की चपटी यावरून त्यानं कॅनडातल्या एका माणसाशी उभा हिवाळा भांडण केलं होतं. कडी चपटी निघाली. क्लाइव्हनं त्या दिवशी बिअरचा दुसरा ग्लास घेतला.

आणि त्याच्याकडे एक असा खजिना होता जो कॅनडावाल्याकडे नव्हता: विल्फ गॅदरकोल.

विल्फ मागच्याच गल्लीत राहायचा. ऐंशीच्या पुढचा, एकटा, त्याची बायको डोरीन जाऊन बरीच वर्षं झालेली. डचेसच्या पोटात माल चढवणं, दोरांनी बांधणं, जवानांना ओकायच्या पिशव्या वाटणं आणि सगळ्यांना चहा पाजणं, हे त्याचं तरुणपणचं काम. दर मंगळवारी क्लाइव्ह त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचा. विल्फ दारातून आत शिरता शिरता, न बघता, डावीकडच्या फळीवरची किटली उचलायचा, डोक्यावरच्या आकड्याला लटकलेले मग काढायचा, आणि बोलणं न थांबवता चहा ओतायचा. विजेच्या त्या किटलीचं बटण मात्र पार उजव्या भिंतीवर होतं. त्यामुळे तिची वायर दाराच्या चौकटीवरून खिळे ठोकून फिरवून आणलेली होती. नकाशे काढणाऱ्या माणसाला ते बघवायचं नाही. क्लाइव्ह दर मंगळवारी त्या वायरीकडे बघून मनात नाक मुरडायचा आणि मग आपले फोटो टेबलावर पसरायचा.

"ही दोरांची कडी अशी दुमडायची का?"

"अशी नव्हे रे लेका, अशी. आणि थंडीत ती दुमडायचीच नाही, लाथ घालावी लागायची."

लाथ सिम्युलेटरमध्ये घालता येत नव्हती, बाकी सगळं क्लाइव्ह घालायचा. विल्फचा शब्द फोटोशी ताडून बघायचा, आणि शब्द दर वेळी खरा निघायचा.

चहाच्या टाकीवर मात्र घोडं अडलं.

डचेसच्या पोटातून छोट्या दारानं पुढं गेलं की चहाची टाकी होती, तोटीवाली. विल्फ म्हणाला, दारातून शिरल्यावर डावीकडे. क्लाइव्हकडे त्या जागेची एकच रंगीत स्लाइड, म्हणजे पारदर्शक फिल्मवरचा फोटो, होती, एका वैमानिकाच्या विधवेनं दिलेली. त्यानं ती स्वतः यंत्रावर ठेवून संगणकात उतरवली होती. त्यात टाकी उजवीकडे होती, अगदी ढळढळीत. त्यात एक माणूसही उभा होता, भिंतीचा चांगला मोठा भाग अडवून. क्लाइव्हनं त्या माणसाला पुसून टाकलं आणि त्याच्यामागचे स्क्रू अंदाजानं भरून काढले. माणसांचा त्याला तसा काही उपयोग नव्हता.

तो साफ केलेला फोटो त्यानं विल्फसमोर ठेवला. "बघा विल्फ, उजवीकडे."

विल्फनं चष्मा चढवला, उतरवला. "डावीकडे होती ती. मी रोज भाजून घ्यायचो."

"फोटो खोटं बोलत नाही, विल्फ."

"मग मी बोलतोय होय?"

"तसं नाही हो. इतकी वर्षं झाली. होतं असं, वयानं होतं."

झालं! हे शेवटचं वाक्य गिळलं असतं तर काय बिघडलं असतं? पण बरोबर असण्याची सवय लागलेल्या माणसाला गिळणं जमत नाही. विल्फनं बिस्किट चहात बुडवून धरलं आणि ते विरघळून तळाशी जाईपर्यंत तसाच बसून राहिला. संगणकात टाकी उजवीकडे गेली.

त्यानंतर विल्फ बदलला. काही विचारलं की म्हणायचा, "मला कशाला विचारतोस? फोटो बघ." मंगळवारी चहा व्हायचा, पण गप्पा आटल्या.

याच सुमाराला त्याची मुलगी लॉरेन लीड्सहून वरचेवर यायला लागली. बाई वाईट नव्हती, काळजीनं पोखरलेली होती. तिनं बापाच्या घरात सुरक्षेची मोहीम काढली. गालिचा उचलला, जिन्याला कठडा लावला, आणि चौकटीवरची ती वायर पहिल्या झटक्यात उपटून किटली बटणाजवळ, उजवीकडच्या ओट्यावर नेऊन ठेवली. खाली पडलेले खिळे विल्फनं गोळा करून ठेवले. तेव्हापासून विल्फ स्वयंपाकघरात येऊन नुसता उभा राहायला लागला. कशाला आलो ते आठवत नसल्यासारखा. लॉरेननं ते दोन-तीनदा पाहिलं.

एक दिवस तिनं क्लाइव्हला त्याच्या फाटकापाशी गाठलं. "तुम्ही दर आठवड्याला भेटता. खरं सांगा, डॅडचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

क्लाइव्ह खरं बोलणारा माणूस. पुराव्यानिशी. "तसे ठीक आहेत," तो म्हणाला. "पण आता ती चहाची टाकीच बघा. इतकी वर्षं वापरली, आणि कुठल्या बाजूला होती ते ठामपणे चुकीचं सांगतात. फोटो दाखवला तरी."

लॉरेननं डोळे पुसले. "मग मी म्हणते तेच खरं. लीड्सला माझ्या घराजवळ एक वृद्धाश्रम आहे. बाग आहे, नर्स आहे. मी बोलतेच त्यांच्याशी."

"चांगलं आहे," क्लाइव्ह म्हणाला आणि आत जाऊन डचेसच्या चाकांना धूळ लावत बसला.

आश्चर्य म्हणजे विल्फनं विरोधच केला नाही. डोरीनच्या हातची गुलाबाची झाडं, शेजारी, पब, सगळं सोडून जायला तो मुकाट तयार झाला. "स्वतःच्या डोक्याचा भरवसा नसेल तर एकट्यानं राहू नये," एवढंच म्हणाला. घर विकायचं ठरलं.

इकडे डचेस पुरी झाली. क्लाइव्हनं ती संकेतस्थळावर चढवली, आणि ऐट म्हणून सोबत पुराव्याची मूळ स्लाइडही लावली, न पुसलेली. कौतुक आलं, चुका आल्या, कॅनडावाला आला. मग न्यूझीलंडहून कुणीतरी लिहिलं:

"सुरेख काम. पण चहाच्या टाकीजवळच्या त्या गड्याच्या छातीवरचा पंखाचा बिल्ला उजवीकडे कसा? तो डावीकडेच लावतात. साहेब, तुम्ही स्लाइड यंत्रावर उलटी ठेवलीत."

क्लाइव्हनं ओळ वाचली, हसला, आणि हसता हसता थांबला. स्लाइड शोधून खिडकीच्या उजेडात धरली. उलटवली. टाकी टुण्णकन डावीकडे गेली. बिल्लाही गड्याच्या छातीच्या डाव्या बाजूला गेला, जिथं असायला हवा तिथं. स्क्रूची संख्या मोजणाऱ्या क्लाइव्हनं त्या माणसाकडे आत्ता पहिल्यांदा नीट पाहिलं. कुरळे केस, पुढं आलेले कान, एक हात टाकीच्या तोटीवर. ते कान तो दर मंगळवारी बघत होता.

ज्या माणसाला खोटं ठरवलं, त्यालाच पुराव्यातून पुसलं होतं त्यानं.

"ब्रेंडा!" तो जिन्यावरून ओरडला. "मी चुकलो!"

"तारीख लिहून ठेवू का?" ब्रेंडा खालून म्हणाली. पण त्याचा चेहरा पाहिला आणि तिनं निमूटपणे त्याचा कोट पुढं केला.

विल्फच्या फाटकाशी 'घर विकणे आहे'चा फलक ठोकून झाला होता. आत खोकी बांधलेली. लॉरेन वर्तमानपत्रांत बशा गुंडाळत होती, विल्फ खुर्चीत बसून बघत होता.

क्लाइव्हनं धापा टाकतच सुरुवात केली. स्लाइड, यंत्र, उलटी, बिल्ला. "डावीकडेच होती विल्फ! तुमचंच बरोबर होतं! मी गाढव!"

विल्फनं त्याच्याकडे मायेनं पाहिलं. "असू दे रे लेका. मनाचा मोठा आहेस. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलतोयस."

"बरं वाटावं म्हणून? मी?" क्लाइव्हनं आयुष्यात कुणाला बरं वाटावं म्हणून काही म्हटलं नव्हतं. "हा बघा तो उलटा फोटो! हे तुम्ही आहात! बिल्ला बघा!"

विल्फनं फोटो डोळ्यांजवळ नेला. "मीच की. काय केस होते!" मग त्याचा चेहरा पडला. "आणि बिल्ला उलट्या बाजूला. बघ, तेव्हापासूनच माझं डोकं असं. नाही, टाकी उजवीकडेच होती. तू दाखवलीस आणि मग मला लख्ख आठवलं."

आता काय करावं? क्लाइव्हचा शब्द या घरात इतका पक्का झाला होता की तो खुद्द क्लाइव्हलाही मोडेना. लॉरेन म्हणाली, "जाऊ द्या मिस्टर टॅन्सली. टाकी कुठंही असो. त्यांना स्वतःचं स्वयंपाकघर आठवत नाही, मी रोज बघतेय."

"चहा टाकतो," विल्फ म्हणाला आणि उठला. घरी माणूस आलाय आणि चहा नाही, असं इंग्लंडात मरतानाही कुणी करत नाही.

लॉरेननं पाणी आधीच उकळून ठेवलं होतं, उजवीकडे, बटणाजवळ. विल्फ दारातून शिरला. शिरता शिरता, न बघता, त्याचा डावा हात रिकाम्या फळीवर गेला आणि हवेत राहिला. तो तसाच उभा. लॉरेननं क्लाइव्हकडे पाहिलं: पाहिलंत ना?

पाहिलं. क्लाइव्हनं चौकटीवरची खिळ्यांची भोकं पाहिली, फळीवरचा किटलीचा गोल डाग पाहिला, डोक्यावरचे आकडे पाहिले. डचेसमधल्या टाकीवरचे आकडेही त्यानं असेच रेखाटले होते, इतकेच, याच उंचीवर. ज्या विमानाचा एक तुकडा मिळावा म्हणून त्यानं अर्ध्या जगाला पत्रं लिहिली, त्या विमानात बसून तो दर मंगळवारी बिस्किटं खात होता, आणि वायरीला नाक मुरडत होता. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

उजवीकडची गरम किटली उचलून त्यानं डावीकडच्या फळीवर, विल्फच्या हाताखाली आणून ठेवली.

विल्फच्या हातानं किटलीची मूठ धरली. दुसरा हात वर गेला, आकड्यांवरचे मग खाली आले, चहा, दूध, क्लाइव्हला दोन चमचे साखर, लॉरेनला नाही. विल्फ खिडकीबाहेरच्या गुलाबांकडे बघत होता. तीन मग भरून झाले तेव्हा त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं, आणि मग किटलीकडे.

"डोरीन मरेपर्यंत भांडली या फळीवरून," तो हळूच म्हणाला. "बटण तिकडे आणि किटली इकडे, म्हणायची, असलं कोण करतं?" त्यानं श्वास घेतला. "डावीकडे होती. अरे, डावीकडेच होती ती! तू आणि तुझा तो फोटो!"

"हो," क्लाइव्ह म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला त्याच्याकडे काही नव्हतं.

"रडतोस काय? बिस्किट घे."

लॉरेननं रिकाम्या चौकटीकडे पाहिलं. हातातली बशी तिनं वर्तमानपत्रातून परत बाहेर काढली.

"डॅड," ती म्हणाली, "ते वायरीचे खिळे कुठं ठेवलेत?"

"डावीकडच्या खणात," विल्फ म्हणाला. त्यानं वळूनही पाहिलं नाही.